जवळ बसा



गावाकडच्या घरात संध्याकाळी आई भाकऱ्या थापत असते. शेजारी लेक मोठ्यानं धडा वाचत असते. आईला अक्षरओळख नाही. पण लेक मध्येच थांबली, की आई विचारते, "मग? पुढं काय झालं?" आणि लेक पुढं वाचू लागते.

त्या प्रश्नात केवढं बळ आहे! आपलं वाचणं कुणीतरी मनापासून ऐकतंय, हे मुलांना कळतं.

आपण फी भरतो, शिकवणी लावतो, नवं दप्तर आणतो. ते करायलाच हवं. पण मुलांजवळ बसायचं राहून जातं. जवळ बसायला शिक्षण लागत नाही. वेळ लागतो. धीर लागतो. गुण किती पडले, हे मागाहून विचारू. आज वर्गात काय आवडलं, हे आधी विचारू.

बीडकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या नातवंडांना आजी शाळेच्या वाटेला लावते. तिकडे दिवसभर ऊस तोडून थकलेली आई रात्री फोनवर विचारते, "आज शाळेत गेला होतास ना?" इतक्या दूर असूनही ती माउली लेकराजवळच बसलेली असते.

तुम्ही तर घरातच आहात. आज मूल शाळेतून आलं, की हातातला फोन ठेवा. जवळ बसा. त्याला बोलू द्या.

आणि हो, शाळाही आपलीच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानंच बहुतेक जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या बैठकीला अवश्य जा. बाईंशी, गुरुजींशी मोकळेपणानं बोला.