मच्छरदाणी कोणाच्या मुलास?

भंडारा जिल्ह्यांत पवनी तालुक्यांतील आसगाव व त्याच्या आसपासचीं गांवें धानाचीं आहेत. पावसाळ्यांत बांध्या व बोड्या भरतात. त्या पाण्यानें धान पिकतें, आणि त्याच पाण्यांत डांसही वाढतात. सन 1897 च्या ऑगस्टांत रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबादेस डांसाच्या जठरांत हिवतापाचे जंतु दिसले. हा रोग दूषित हवेनें नव्हे, तर डांसाच्या दंशानें पसरतो, हें पुढें सिद्ध झालें. हा डांस बहुधा रात्रीं चावतो. म्हणून कीटकनाशक लाविलेली मच्छरदाणी निजलेल्या लेंकराचें रक्षण करिते.

आतां मंडळीच्या दानांतून मुलांस अंथरूण व मच्छरदाणी देण्याचें ठरलें, तर प्रश्न उभा राहतो: पैसा थोडा, मुलें पुष्कळ, प्रथम कोणास द्यावें? कित्येक बंधु म्हणतील, "ज्यांनीं मूठमूठ तांदूळ काढून निधि जमविला, त्यांच्या लेंकरांस आधीं." हें बोलणें अगदींच टाकाऊ नाहीं. पौलानेंही विश्वासाच्या घराण्याचा विशेष विचार करण्यास सांगितलें आहे. पण सर्वांचें बरें करावें, हेंही तो तेथेंच सांगतो.

शिवाय डांस मंडळीचा पट पाहून चावत नाहीं. शेजारच्या आजारी मुलाच्या रक्तांतील जंतु तो आमच्या मुलाकडे आणितो. तथापि केवळ आपल्या लाभासाठीं देणें हा व्यापार होय. गहाण घेतलेलें गरिबाचें पांघरूण सूर्यास्तापूर्वीं परत करावें, अशी मोशेच्या नियमशास्त्रांत आज्ञा आहे. तेथें पांघरूण ही सावकाराची कृपा नव्हे. रात्र झाली म्हणजे तो गरिबाचा हक्क ठरतो. म्हणून देतांना कोणापासून उपासनेस येण्याचें वचन घेऊं नये. आमिष म्हणून दिलेली गोधडी लेंकरास ऊब देईल, परंतु त्याच्या बापास मान खालीं घालावयास लावील.

कोणी म्हणतील, "बाप त्या जाळीनें मासे धरील." तसें झाल्यास, रागावण्यापूर्वीं त्याच्या घरीं चूल पेटली होती कीं नाहीं, हें विचारावें.

उपदेशक बंधूंनीं यादी पटावरून करूं नये. सायंकाळीं घरोघर जाऊन कोणतें मूल भुईवर निजतें तें पाहावें. त्यास मच्छरदाणीबरोबर सतरंजीही लागते, कारण कडा अंथरुणाखालीं खोंचल्यावांचून डांस अडत नाहीं. ताप आल्यास मात्र आरोग्य केंद्रांत रक्त तपासून घ्यावें.

आणि आमच्या पेटींत जास्तीची गोधडी पडून असेल, तर ती खरोखर कोणाची, हा हिशेब प्रथम आम्हीच आपल्याशीं करूं या.