सर्वांचे ते कोणाचे?

॥ राम कृष्ण हरी ॥

आपल्या देव्हाऱ्यापुढे काडी पडली तर आपण ती लगेच उचलतो. तीच काडी देवळाच्या सभामंडपात दिसली तर पुजाऱ्याला सांगतो, रस्त्यात दिसली तर नगरपालिकेला बोल लावतो आणि चंद्रभागेच्या वाळवंटात दिसली तर "काय हे लोक!" असे म्हणून पुढे चालू लागतो. वस्तू जसजशी अधिक जणांची होत जाते, तसतसा तिच्यावरचा आपला हात सुटत जातो. खरे तर उलटे व्हायला हवे. जे एकाचे आहे त्याला सांभाळणारा एक, आणि जे लाखांचे आहे त्याला सांभाळणारे लाख. प्रत्यक्षात लाखांच्या वस्तूला एकही धनी सापडत नाही. असे का होते आणि त्यात वारकऱ्याचा धर्म कोणता, याचा विचार या लेखात करू.

प्रथम पूर्वपक्ष नीट ऐकून घेऊ, कारण तो वाटतो तितका पोकळ नाही. तो म्हणतो, "आषाढीला लाखो लोक येतात. मी एकट्याने पत्रावळ नदीत टाकली नाही तर नदी निर्मळ होणार आहे का? आणि टाकली तर माझ्या एका पत्रावळीने ती बिघडणार आहे का?" हा हिशेब खोटा नाही. एक पत्रावळ कमी झाली की जास्त झाली, हे नदीकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. मग दोष कोणाचा? ज्याला विचारावे तो हाच हिशेब मांडतो आणि प्रत्येकाचा हिशेब बरोबर येतो. तरी पौर्णिमेनंतर वाळवंटात जे उरते ते आपल्या डोळ्यांसमोर असते. ते आकाशातून पडलेले नसते. ज्या कृतींनी "काहीच होत नाही" असे आपण म्हणतो, त्याच कृतींचा तो ढीग असतो.

या शंकेचे समाधान सांप्रदायिकाला बाहेर शोधावे लागत नाही. गोपाळपूरच्या काल्याकडे पाहा. वारीची सांगता काल्याने होते. गोपाळांनी आपापली शिदोरी आणली, ती एकत्र कालवली आणि सर्वांनी मिळून खाल्ली, ही त्यामागची लीला. आता प्रत्येक गोपाळाने घरून निघताना असा विचार केला असता, "इतके जण आणणारच आहेत, माझ्या मूठभर पोह्यांनी काय होते?" तर काय झाले असते? प्रत्येकाचा हिशेब बरोबर आला असता आणि देवाच्या पुढ्यात रिकामे पान राहिले असते. काल्याचा प्रसाद आपण मोठ्या भावाने घेतो. पण त्या प्रसादात एक अट दडलेली आहे: जो हात घास घ्यायला पुढे येतो, त्या हाताने आधी काहीतरी आणलेले असावे.

दुसरा दृष्टांत टाळाचा. दिंडीत शेकडो टाळकरी असतात. त्यातल्या एकाने टाळ नुसता हातात धरला, वाजवला नाही, तर विणेकऱ्यालाही कळणार नाही. तरी वारकरी टाळ वाजवतो. आपला टाळ वेगळा ऐकू येईल म्हणून तो वाजवत नाही. वेगळा ऐकू येणे हा तर टाळाचा दोष झाला. मी या नादाचा आहे, म्हणून माझा हात थांबायचा नाही, इतकेच त्याला ठाऊक असते. एकादशीचेही तसेच. आपण उपवास केला की नाही हे तपासायला कोणी घरी येत नाही आणि आपण जेवलो म्हणून जगात एकादशी बुडत नाही. तरी नेम चुकत नाही. फळ किती दिसेल हे पाहून नेम धरायचा नसतो, हे वारकऱ्याला लहानपणापासून शिकवलेले असते. माझे मत एवढेच आहे की हा नेम आपण पोटापुरता आणि कंठापुरता ठेवला आहे. तो हातापर्यंत, पायापर्यंत, गल्लीपर्यंत आणि नदीपर्यंत न्यायला हवा.

येथे कोणी म्हणेल की कचरा ही किरकोळ गोष्ट आहे, तिला परमार्थात कशाला ओढता? म्हणून थोडा इतिहास आठवू. संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. चौदाव्या शतकात मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यानंतर सुमारे सहाशे वर्षे त्यांच्या समाजबांधवांना त्या महाद्वारातून आत जाता आले नाही. शेवटी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले.

आता विचार करा, इतकी वर्षे ते दार लावून कोण उभे होते? एकेका वारकऱ्याला विचारले असते तर तो म्हणाला असता, "मी कोणालाच अडवले नाही. मी आलो, दर्शन घेतले, गेलो." आणि ते खरेच होते. दार कोणा एकाने लावलेले नव्हते. ते सर्वांनी मिळून लावलेले होते. प्रत्येकाचा वाटा इतका लहान होता की तो कोणालाच आपला वाटला नाही. समाजाचे मोठे अपराध असेच घडतात. त्यांना कर्ता सापडत नाही, पण भोगणारा मात्र नेमका सापडतो.

कचऱ्याच्या बाबतीतही हेच आहे, म्हणून तो किरकोळ नाही. आपण जे वाळवंटात सोडून जातो ते कोणीतरी उचलते. ते उचलणारे हात बहुतेक वेळा कोणत्या समाजाचे असतात, हे आपल्याला सांगावे लागत नाही. हाताने मैला उचलायला लावणे १९९३ च्या आणि पुढे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले. तरीही पंढरपुरातील या कामाबद्दल उच्च न्यायालयापर्यंत दाद मागावी लागली. नदीपात्रातील राहुट्या हलल्या, ६५ एकरांच्या तळावर सोय झाली, फिरती शौचालये वाढली, 'निर्मल वारी'चे स्वयंसेवक गावोगावच्या मुक्कामांवर उभे राहू लागले. हे सर्व चांगले झाले. पण प्रश्न आपल्यापुढे उरतोच. कपाळी बुक्का लावून आपण एकमेकांच्या पाया पडतो, लहान-थोर पाहत नाही, समोरच्याला 'माऊली' म्हणतो. आणि निघताना आपली घाण मागे ठेवून जातो, ती दुसऱ्या दिवशी एखाद्या माऊलीने उचलावी म्हणून. पाया पडण्यात जो भेद गेला, तो घाण ठेवण्यात परत आला. गाडगेबाबांना हे कळले होते. म्हणून ते गावात आले की आधी झाडू हाती घेत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचा झाडू कीर्तनाची तयारी म्हणून नव्हता. तो कीर्तनाचाच पूर्वरंग होता.

आता नदीविषयी थोडे. चंद्रभागा म्हणजे पंढरीला चंद्रकोरीसारखे वळण घेणारी भीमा. ती भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते. देहू आणि आळंदीवरून आलेली इंद्रायणी तुळापूरला तिला मिळते. पिंपरी-चिंचवडमधून आलेली पवना मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि ती मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते. तेथून उजनीचे धरण, मग नीरा नरसिंहपूरचा संगम आणि मग पंढरपूर. याचा अर्थ साधा आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांबरोबर आपण पायी जातो, आणि त्याच गावांचे पाणीही खालच्या अंगाने पंढरीकडेच वाहत जाते. पुण्याच्या एखाद्या सोसायटीत, चाकण-भोसरीच्या एखाद्या कारखान्यात, आळंदीच्या एखाद्या धर्मशाळेत जे मोरीत ओतले जाते, तेही वारीला निघते. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण कितीदा पाहिला आहे. त्या पाण्यात स्नान करून आपण पंढरीला निघतो आणि पंढरीला पोहोचल्यावर पुन्हा त्याच पाण्यात हात जोडतो. तेव्हा चंद्रभागेची काळजी महाद्वार घाटावर सुरू होत नाही. ती आपल्या घरच्या मोरीपासून सुरू होते.

येथे दुसरी शंका येते, आणि ती पहिलीपेक्षा जड आहे. "मी पत्रावळ टाकली नाही, निर्माल्य टाकले नाही, हे ठीक. पण अख्ख्या शहराचे सांडपाणी मी तांब्याने अडवणार आहे काय? ते सरकारचे काम आहे." हे म्हणणे बरोबर आहे. शहराचे सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडणे महापालिकेचे काम आहे, कारखान्यांवर लक्ष ठेवणे शासनाचे काम आहे. भाविकांच्या सवयी सुधारल्या की नदी निर्मळ होईल असे जो सांगतो, तो मोठ्यांचा दोष लहानांच्या पदरात घालतो. पण म्हणून आपले काम संपत नाही, ते बदलते. जे एकट्याच्या हाताने होत नाही ते मिळून मागावे लागते. मागणे हीसुद्धा जबाबदारी आहे.

आणि मागावे कसे, हेही वारीने आपल्याला शिकवून ठेवले आहे. माऊलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामावर समाज आरती होते. सर्व दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंच करून पुकारा करतात आणि क्षणात सर्वत्र शांतता पसरते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो. हरवले-सापडलेले सांगितले जाते, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते. मग आरती. यातली रीत पाहण्यासारखी आहे. तक्रार दाबली जात नाही आणि ती पाठीमागे कुजबुजलीही जात नाही. ती सर्वांसमोर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रीतीने केली जाते. ऐकणाराही ती ऐकायला स्वतः चालत जातो. लोकशाहीची याहून चांगली शिकवण मला ठाऊक नाही.

आता हाच वारकरी गावी परतल्यावर काय होते? वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हाव्यात असा कायदा आहे. गावातील मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांत जी संख्या कमी ती हजर असली की सभा भरते. तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. म्हणजे मूठभर माणसे बसतात आणि गावाचे पाणी, गटार, शाळा यांचे ठरवून मोकळी होतात. मग आपण पारावर बसून म्हणतो, "राजकारण बिघडले आहे." सप्ताहाला अख्खे गाव येते, ग्रामसभेला खुर्च्या रिकाम्या राहतात. वारकऱ्याने राजकारणात पडू नये असे काही जण म्हणतात. दिंडीत पक्ष आणू नये, वीणेवर झेंडा बांधू नये, इथवर मी त्यांच्याबरोबर आहे. पण गावाच्या सभेत जाऊन "आपले सांडपाणी कोठे जाते?" असे विचारणे म्हणजे पक्ष नव्हे. तो समाज आरतीत वाजत राहिलेला टाळ आहे. मत मागायला आलेल्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, नदीविषयी विचारणे हेही तसेच.

म्हणून नेम दोन्ही अंगांनी धरावा. आपल्या हातातले जे आहे त्याला सबब नको. दिंडीत स्वतःची ताट-वाटी आणि तांब्या न्यावा. अन्नदान करणाऱ्याने थर्माकोलच्या ताटल्या टाळाव्यात आणि वाढण्याबरोबर उचलण्याचीही माणसे नेमावीत; अन्नदानाचे पुण्य पंगत उठल्यावर संपत नाही, जागा झाडून झाल्यावर संपते. स्नानानंतर जुने वस्त्र नदीत सोडण्याची चाल सोडावी. ते वस्त्र वाहून जात नाही, खालच्या गावी अडकते. फिरत्या शौचालयाला रांग असली तरी थांबावे. दर्शनाच्या रांगेत आपण दिवस-रात्र उभे राहतो, तेथेही पाव तास उभे राहवते. दिंडीप्रमुखांनी जसे विणेकरी आणि चोपदार नेमलेले असतात, तसे तळ सोडताना शेवटी निघणारे चार जण नेमावेत, आणि ते दर मुक्कामाला बदलावेत, म्हणजे हे काम कोणा एका जातीचे वा गरिबाचे होऊन बसणार नाही. आणि जे हातातले नाही, त्यासाठी गावी गेल्यावर ग्रामसभेत, वॉर्डात, सोसायटीच्या बैठकीत तोंड उघडावे.

ज्ञानेश्वरीच्या शेवटी माऊलींनी जे पसायदान मागितले, त्यात स्वतःसाठी काहीच नाही. जे मागितले ते सर्वांसाठी मागितले. आपण ते रोज म्हणतो. सर्वांसाठी मागणारी वाणी आणि सर्वांचे ते माझे नव्हे म्हणणारे हात, हे एका देहात कसे नांदतील? ज्याला विठ्ठल आपला वाटतो त्याला विठ्ठलाचे वाळवंटही आपले वाटले पाहिजे. सर्वांचे ते कोणाचे, असे कोणी विचारले तर वारकऱ्याने "माझे" म्हणावे. मात्र हे 'माझे' भोगण्यासाठी नव्हे, सांभाळण्यासाठी. येत्या वारीत तळ सोडताना एकदा मागे वळून पाहू. आपण जेथे बसलो, जेवलो, भजन केले, ती जागा आपल्यामागून येणाऱ्या माऊलीला बसण्यासारखी आहे ना, एवढे पाहू आणि मग पाऊल उचलू.

॥ जय जय राम कृष्ण हरी ॥