घराखालची जमीन

स्वस्त घरांची चर्चा आपल्याकडे आकड्यांनी सुरू होते आणि बहुतेक वेळा आकड्यांवरच संपते. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझे अधिकार’ हे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. त्यात २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट मोठे असण्याबद्दल तक्रार नाही. पण हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून मुंबई-ठाण्यापासून दूर, रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या दोन तीरांवर वसलेल्या रोहा-अष्टमीसारख्या नगरपरिषदेच्या गावाकडे पाहिले, की प्रश्नाचे रूप बदलते. इथे चिरा मिळतो, वीट मिळते, सिमेंट आणि पत्रा मिळतो, गवंडीही मिळतो. सरकारचे अनुदानही आहे. गरिबाला मिळत नाही ती पाय रोवायला स्वतःच्या नावावरची जमीन. घरकुलाच्या आपल्या बहुतेक योजना भिंतींसाठी पैसे देतात आणि भिंतींखालची जमीन लाभार्थ्याकडे आहे असे गृहीत धरतात. हे गृहीतकच चुकीचे आहे आणि ते दुरुस्त केल्याशिवाय रायगडमध्ये तरी गरिबाच्या घराचा प्रश्न सुटणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

योजनांची रचनाच पाहा. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत छोट्या गावांना सर्वांत सोयीचा घटक म्हणजे लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर स्वतः बांधायचे घर. त्यासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळतात. अट एकच, सातबारा किंवा मिळकत पत्रिका आपल्या नावावर हवी. ज्याच्याकडे ती आहे तो मुळातच गरिबांमध्ये बऱ्या स्थितीत असतो. आणि कोकणात ज्याच्याकडे ती आहे, त्याच्याही नावामागे आठ-दहा नावे असतात. आजोबांच्या नावाची जागा सामाईक, वारसांपैकी निम्मे मुंबईत, एकाचा पत्ता लागत नाही, दुसरा संमतीपत्रावर सही करत नाही. पडके घर तसेच पडून राहते आणि मंजूर अनुदान परत जाते. नगरपरिषदेची हद्द ओलांडून ग्रामपंचायतीत गेले की मूळ अनुदान एक लाख वीस हजारांवर येते. किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फुटांचे घर बांधायचे आणि चौरस फुटाला अवघे दीड हजार रुपये धरले, तरी खर्च चार लाखांच्या वर जातो. ही तूट कर्जाने, अंगमेहनतीने, नातलगांच्या मदतीने कशीबशी भरून निघते. जमिनीची तूट मात्र मेहनतीने भरून निघत नाही.

भूमिहीनांसाठी काही नाही असे नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी अर्थसहाय्य योजना २०१५ च्या अखेरीस आली. पाचशे चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी तीत आधी पन्नास हजार रुपये मिळत, पुढे ती मर्यादा एक लाख झाली. पाचशे चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठाही नाही, आणि रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव गुंठ्याला लाखांत बोलले जातात. शिवाय शेतजमिनीतून इतका लहान तुकडा घ्यायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येत होता. ग्रामीण घरकुलापुरती सवलत मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. म्हणजे एका खात्याने ज्या खरेदीसाठी पैसे देऊ केले, ती खरेदी दुसऱ्या खात्याचा कायदा आठ वर्षे अडवत राहिला.

या सगळ्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो कातकऱ्यांना. रोहा, पेण, सुधागड, कर्जत, खालापूर या तालुक्यांत त्यांच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी खासगी मालकांच्या जमिनींवर आहेत. हे लोक तिथे घुसले नव्हते. कात पाडण्यासाठी, कोळशाच्या भट्ट्यांसाठी, शेतीच्या मजुरीसाठी जमीनदारांनीच त्यांना आणून बसवले. मजूर हाताशी हवा होता तोवर वाडी चालत होती. जमिनीला फार्महाऊसचा आणि प्लॉटिंगचा भाव आला, तशी तीच वाडी अडचण वाटू लागली. दिवाळी आटोपली की यांतली बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या सहा-सात महिन्यांत कोणी कुंपण घातले तर हरकत घ्यायला जागेवर कोणी नसते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अतिमागास आदिवासी गटांसाठी जनमन अभियान आणले. महाराष्ट्रात त्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात, आणि घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. रक्कम वाढली, पण जागेचा प्रश्न होता तिथेच राहिला. गावठाणातल्या घरांना ड्रोनच्या मोजणीने मिळकत पत्रिका देणारी २०२० ची स्वामित्व योजनाही गावठाणापुरतीच आहे. गावठाणाबाहेरच्या वाडीवरून तो ड्रोन उडाला, तरी वाडीतल्या घराचा कागद तयार होत नाही. महसूल कायद्याने गावठाणापासून दोनशे मीटरपर्यंत घर बांधायला जी मोकळीक दिली, तीही जमिनीच्या मालकाला. वाडीतला माणूस मालक नाही, म्हणून ती सवलत त्याच्या उपयोगाची नाही.

खरे तर यावर कायदा नवा करावा लागत नाही. १९४८ च्या कुळकायद्याच्या सोळाव्या आणि त्यापुढच्या कलमांत हे सगळे आहे. जमीनमालकाच्या जागेवर कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधले असेल तर त्याला तिथून काढता येत नाही. मालकाने जागा विकायला काढली तर पहिला हक्क त्या कुळाचा. हेच संरक्षण शेतमजुरांना आणि कारागिरांनाही लागू केलेले आहे. ही कलमे कायद्यात आपोआप आली नाहीत. अलिबाग तालुक्यात १९३३ पासून सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप, खोतीविरुद्धचे लढे आणि त्यातून तयार झालेले जनमत यांचे ते फळ आहे. कसणाऱ्याला शेत मिळावे यासाठी या जिल्ह्याने जी किंमत मोजली, तिच्यातून राहणाऱ्याला घराची जागा मिळण्याची तरतूदही निघाली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने शेतांचे मालक बदलले. घरांच्या जागांचे तेवढे राहून गेले, कारण त्या जागांवर राहणारे बहुतेक लोक कूळ म्हणून कागदावर कधी आलेच नव्हते.

इथे पहिला आक्षेप ठरलेला आहे. जमिनी अशा नावावर करून दिल्या तर अतिक्रमणाला बक्षीस मिळेल, उद्या प्रत्येक मोकळ्या जागेवर झोपडी उभी राहील. ही भीती पोकळ नाही. जगपाल सिंह प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी बळकावण्यावर कडक ताशेरे ओढले ते योग्यच होते, कारण त्या जमिनी बळकावणारे बरेचदा गावातले दांडगेच असतात. म्हणूनच सरसकट नियमितीकरण मी मागत नाही. तारीख ठरलेली हवी, क्षेत्र मर्यादित हवे, हक्क वारसाने जाणारा पण विकता न येणारा हवा. ओडिशाने २०१७ च्या कायद्याने आपल्या छोट्या शहरांतल्या झोपडपट्टीवासीयांना असाच जमीनहक्क दिला. आधी मोजणी, मग प्रमाणपत्र, त्यानंतर त्याच जागेवर घराचे अनुदान, असा तिथला क्रम आहे. आपल्याकडे क्रम उलटा आहे, म्हणून मंजुरीची यादी लांबत जाते आणि पाया खणला जात नाही.

दुसरा आक्षेप बाजाराच्या बाजूने येतो. बांधकामाच्या परवानग्या सोप्या करा, चटईक्षेत्र वाढवा, घरे भरपूर झाली की भाव आपोआप उतरतील, असा तो आहे. २०१२ साली अमिताभ कुंडू यांच्या तज्ज्ञगटाने देशाच्या शहरांतली घरांची तूट १ कोटी ८८ लाखांच्या आसपास काढली. तिच्यातला पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा होता. आणि २०११ च्या जनगणनेत शहरी भागातच एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी होती. तूट आणि रिकामी घरे एकाच वेळी, एकाच शहरात असू शकतात, कारण घर ज्याला हवे आहे त्याच्यासाठी ते बांधलेले नसते. खासगी बाजाराला तेवढा दोष देऊन सुटकाही नाही. विरार-बोळिंजला म्हाडाचीच हजारो घरे वर्षानुवर्षे ग्राहकाची वाट पाहत राहिली. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत सरकारने बीडीडी चाळी बांधल्या, तेव्हाही भाडे परवडत नाही आणि खोल्या राहण्यासारख्या नाहीत म्हणून कामगारांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. चूक तीच आहे. माणूस कुठे काम करतो आणि महिन्याला काय देऊ शकतो, हे न विचारता घरे बांधली गेली.

रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीबाबत हेच विचारायला हवे. कारखान्यांना जमीन, पाणी, रस्ते देताना त्यांच्या कंत्राटी कामगाराने रात्री कुठे पाठ टेकायची याची तरतूद कोणी केली? तो धाटाव, वरसे, रोहा, अष्टमी अशा आसपासच्या खोल्यांत दाटीने राहतो. त्याला इथे मालकीचे घर नकोच आहे, त्याला सुरक्षित आणि माफक भाड्याची खोली हवी आहे. १९५२ साली केंद्राने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना काढली, तेव्हा अर्थमंत्रिपदी चिंतामणराव देशमुख होते, ज्यांचे रोह्याशी घरचे नाते. नव्या प्रजासत्ताकाला त्या हलाखीच्या दिवसांतही उद्योग आणि कामगाराचे घर यांचा संबंध कळत होता. आज औद्योगिक भूखंडाच्या वाटपात ठरावीक क्षेत्र भाड्याच्या वसतिगृहांसाठी राखून ठेवणे आणि ते चालवायला नगरपरिषदेला देणे, एवढे तरी जमायला हवे. दहा लाखांवर वस्तीच्या महानगरांत मोठ्या प्रकल्पांत वीस टक्के घरे लहान ठेवण्याचा नियम आहे. रोह्यासारख्या गावाला तसा कोणताच नियम लागू नाही, आणि इमारती तर इथेही उभ्या राहत आहेत.

जमीन आधी, घर नंतर, हा क्रम महाराष्ट्रातच यशस्वी झालेला आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांनी नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली सहकारी संस्था काढून जागा घेतली आणि २००६ साली गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. घराचा खर्च साठ हजार, त्यात केंद्राचे वीस, राज्याचे वीस आणि बाईचे स्वतःचे वीस. त्याच वाटेने पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. तिथे संघटना होती, रोह्यात ती कुठे आहे, असे कोणी म्हणेल. सोलापुरातही ती आयती नव्हती. विडी वळणाऱ्या बायकांनी पै-पै साठवून ती बांधली. रायगडात तर सहकाराची, कुळांच्या लढ्याची आणि सर्वहारा जनआंदोलनासारख्या संघटनांची परंपरा हाताशी आहे.

पैसा कुठून आणायचा हा आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. जमीन महाग आहे हे खरे, पण ती उद्या आजच्यापेक्षा महाग असणार हेही तितकेच खरे. अटल सेतू झाला, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, उरण, पनवेल, पेण तालुक्यांतली १२४ गावे नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. पेणचा भाव रोह्यापर्यंत यायला किती काळ लागेल? व्हिएन्नाने १९२० च्या दशकात जमीन स्वस्त असताना घेऊन ठेवली. आज तिथली जवळपास निम्मी वस्ती महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहते. सिंगापूरने १९६६ च्या भूसंपादन कायद्यानंतर तेच केले. या दोन्ही शहरांची श्रीमंती आपल्याकडे नाही. पण जमीन वेळेवर घेणे हे श्रीमंतीपेक्षा दूरदृष्टीचे काम आहे. सरकारी पडीक जागांची यादी, विकास आराखड्यातली घरांसाठीची आरक्षणे आणि दरवर्षी थोडी खरेदी, एवढ्यावर नगरपरिषदेची जमीन-पेढी उभी राहू शकते. ही जमीन कुंडलिकेच्या पूररेषेत आणि डोंगराच्या उतारावर मात्र नसावी. २००५ मध्ये जुई आणि दासगाव, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी, एवढ्या दरडी कोसळल्यावर गरिबाच्या वाट्याला उरलीसुरली जागा देण्याची पद्धत आता थांबलीच पाहिजे. इर्शाळवाडीच्या लोकांना शेवटी सिडकोने चौकला घरे बांधून दिली. सुरक्षित जागा सापडत होती, ती आधी शोधली गेली नाही.

गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार महसूल संहितेच्या १२२ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांकडे आजही आहे. वनजमिनीवर राहणाऱ्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा वस्तीच्या जागेचा हक्क मान्य करतो. ग्रामसभेचा ठराव, वाडीची मोजणी आणि वाजवी मोबदला या मार्गाने एकेक वाडी गावठाणात घेता येते, आणि मालकाची संमती असेल तर ते काम वर्षानुवर्षे रेंगाळत नाही. दिवाळी अंक वाचणाऱ्या कोकणातल्या कितीतरी घरांच्या सातबारावर, गावाकडच्या एखाद्या माळावर, अशी वाडी उभी आहे. ती जमीन आपल्या उपयोगाची उरलेली नाही, तिथे राहणाऱ्यांना मात्र दुसरी जागा नाही. अशा वाचकांना माझी विनंती आहे, की आपले सहहिस्सेदार गोळा करा, तलाठ्याकडे जा आणि वाडीपुरत्या त्या काही गुंठ्यांसाठी संमतीपत्रावर सही करा.