थांबला तो…

आमच्या शाळेच्या भिंतीवर सुविचारांच्या ओळीत ‘थांबला तो संपला’ हे वाक्य कित्येक वर्षे उभे आहे. मुलांना ते पाठ आहे आणि त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? मी जिथे शिकवतो ते हिंजवडी गाव तर न थांबण्याचा पुतळाच! मुळशी तालुक्यातले, म्हातोबाच्या यात्रेचे आणि बगाडाचे हे गाव. औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवला आणि पंचवीस-तीस वर्षांत शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. येथे रात्री दिवे मालवत नाहीत. आपल्याकडे रात्र असते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला इकडची झोप दिसत नाही.

या इमारतींत माझे काही जुने विद्यार्थी कामाला आहेत. त्यांतला एक मध्यंतरी घरी आला होता. त्याची हकीकत मोठी नाही, पण ती माझ्या मनातून जात नाही. बँकेच्या कर्जमंजुरीला लागणारी एक आज्ञावली त्याच्या गटाने तयार केली होती. शेवटी एका चौकटीत ‘तपासून पाहिले’ अशी खूण करायची होती. मुदत त्याच संध्याकाळची होती. खूण करण्यासाठी बोट पुढे गेले आणि त्याच्या मनात आले, की आपण हे तपासलेले नाही. त्याने तसे सांगितले. काम एक दिवस लांबले, वरिष्ठांची बोलणी खावी लागली. दुसऱ्या दिवशी सारे तपासले, तर चूक एकही निघाली नाही!

“सर,” तो म्हणाला, “मग मी थांबलो ते वायाच गेलं ना?”

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. आधी त्याला चहा दिला.

विचार करता मला असे दिसले, की आपण विश्रांती आणि थांबणे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतो. विश्रांती बैलालाही लागते. बेंदराला किंवा पोळ्याला आपला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, आदल्या दिवशी त्याचे खांदे मळतो. त्यात कृतज्ञता आहे. पण नांगर कुणीकडे न्यायचा हे काही कोणी बैलाला विचारीत नाही.

माणसाची विश्रांतीसुद्धा फुकटात मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत माणूस राबत होता, त्या काळात त्यांनी 1884 साली कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने ज्या मागण्या पुढे आल्या, त्यांत रविवारची सुटी होती आणि दररोज दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवार मिळायला 10 जून 1890 उजाडला. आज आपण ज्याला सहजपणे ‘सुटीचा वार’ म्हणतो, त्यामागे सहा वर्षांचा झगडा आहे. लोखंड्यांचे हे ऋण आपण क्वचितच आठवतो.

परंतु विश्रांती असते कामासाठी. थांबणे असते कामाविषयी. विश्रांती विचारते, ‘दमलास का?’ थांबणे विचारते, ‘हे तू काय करतो आहेस, आणि कुणासाठी?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर झोपेने देता येते. दुसऱ्याचे देता येत नाही.

2023 साली नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले आणि देशभर वाद पेटला. सत्तर की चाळीस, हा हिशेब महत्त्वाचा आहे. शरीराला आणि संसाराला त्याची झळ पोहोचते. पण दोन्ही पक्ष तास मोजत राहिले. त्या तासांत माणूस एकदा तरी मान वर करून पाहतो का, हे फारसे कोणी विचारले नाही. चाळीस तासही आंधळेपणाने काढता येतात. दुपारी चहाच्या टपरीवर जमलेली तरुण मंडळी पाहा. हातातला चहा निवत असतो आणि डोळे फोनमध्ये बुडालेले असतात. सवड आहे, पण तीही कोणीतरी आधीच भरून ठेवली आहे.

“थांबायला वेळ कुठे आहे?” असे कोणी विचारील. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली आणि 1970 नंतरच्या दशकात आपले निष्कर्ष मांडले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद वाट पाहत! तीच वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर मुलांची उत्तरे लांबत आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागत. माझ्या वर्गात मी हे रोज अनुभवतो. तीन सेकंद काढायला कोणाच्या परवानगीची गरज नसते. पण शांतता सोसण्याचे धैर्य मात्र लागते.

आणि काही ठिकाणी परवानगीही लागते, हे विसरून चालणार नाही. जपानच्या टोयोटा कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर एक दोरी लावलेली असे. काही खटकले की त्याने ती ओढायची. अडचण सुटली नाही तर जुळणीची सारी रांग थांबे. साध्या कामगाराच्या शंकेला तेथे एवढा मान होता. आपल्याकडे किती कचेऱ्यांत अशी दोरी आहे? किती घरांत आहे? चकलीच्या घाण्यापुढे बसलेल्या गृहिणीने ‘यंदा एवढे सगळे करायचे का?’ असे विचारले, तर आपण तिचे ऐकतो की पुढची कढई चढवतो? ज्याच्या हाताखाली माणसे आहेत, त्याने स्वतः थांबणे हे अर्धेच कर्तव्य. दुसऱ्याला थांबू देणे हे उरलेले अर्धे.

चहा संपल्यावर मी त्या मुलाला माझे उत्तर सांगितले. चूक निघाली असती तर तुझे थांबणे फायद्याचे ठरले असते. निघाली नाही, म्हणून ते निरर्थक ठरत नाही. आदल्या संध्याकाळी ती खूण खोटी होती. दुसऱ्या दिवशी तीच खूण खरी झाली. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. कुठल्या तरी गावी कर्जासाठी अर्ज करणाऱ्या माणसाला हा फरक कधी कळणारही नाही. पण त्याने तुझ्या त्या खुणेवर विश्वास ठेवलेला असतो.

तो काही बोलला नाही. त्याला पटले की नाही, मला ठाऊक नाही.

दिवाळीचे चार दिवस आपण सारेच विश्रांती घेऊ, आणि ती घ्यावीच. भाऊबीज सरली की पुन्हा कामाला लागायचे आहे. एखाद्या कागदावर सही करताना, मुलाला ‘नाही’ म्हणताना, कोणाला निरोप धाडताना तीन सेकंद हात आवरून पाहावा. थांबला तो संपत नाही. मात्र जो कधीच थांबला नाही, तो कुठे निघाला होता, हे त्याला सांगता येईल का?