फळ कुणाच्या पदरात?

‘ग्रोइंग पेन्स’ या अमेरिकी मालिकेत 1989 साली सँडी नावाचा एक तरुण दारू पिऊन गाडी चालवतो. अपघात होतो, तो वाचला असं वाटतं आणि भाग संपायच्या आत तो मरतो. सँडीचं काम करणारा मॅथ्यू पेरी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. चौदाव्या वर्षीच आपण पहिल्यांदा प्यायलो, हे त्याने 2022 च्या आत्मचरित्रात लिहिलं. पडद्यावर अर्ध्या तासात दारूचं फळ भोगून मोकळा झालेला हा मुलगा प्रत्यक्षात पुढची कित्येक वर्षं तिच्याशीच झुंजत राहिला.

मालिकांमधलं कर्म असं रोखठोक असतं. संध्याकाळी प्याला, रात्री अपघात आणि खाली ‘मद्यपान आरोग्यास अपायकारक’ची पट्टी. कऱ्हाडचा किंवा इस्लामपूरचा अकरावीतला मुलगा मित्रांबरोबर उसाच्या बांधावर बिअरची पहिली बाटली फोडतो, तेव्हा मात्र काहीच घडत नाही. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात हजर. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला 21, कडक दारूला 25 वर्षं पूर्ण असावी लागतात, हा कायदाही त्याच्या आड आलेला नसतो. मग पडद्यावरचा धाक खोटा ठरतो आणि त्याच्यासोबत खरा इशाराही वाया जातो.

आपलं कर्मशास्त्र इतकं उतावीळ नव्हतं. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही वाटणी मुळात करावी लागली, कारण फळ ताबडतोब मिळत नाही हे डोळ्यांना दिसत होतं. महाभारताचं मौसलपर्व तर त्याहून अवघड गोष्ट सांगतं. यादवांची पोरं सांबाला गर्भारशीचं सोंग देऊन ऋषींची टवाळी करतात, शाप येतो. घाबरलेल्या द्वारकेत दारूबंदीची दवंडी पिटली जाते. तरीही शेवटी प्रभासक्षेत्री वडीलधारेच पिऊन एकमेकांवर तुटून पडतात. टवाळी पोरांची, दारू थोरांची आणि नाश सगळ्या कुळाचा! कुणाचं कर्म कुणाच्या पदरात पडलं, याचा हिशेब तिथे लागत नाही.

नाटककार राम गणेश गडकऱ्यांना हे कळलं होतं. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त सुधाकर बुडतो खरा, पण त्याआधी भरडली जाते ती सिंधू, आणि तिचं तान्हं मूल. तिने तर थेंबही घेतलेला नव्हता.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा दारू पिऊन चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध घातला आणि देश खवळला. वृत्तवाहिन्यांनी दिवसेंदिवस चालवलेली ही खरीखुरी मालिकाच होती. फरक इतकाच, की मरणारे दुसरेच होते.

साताऱ्यात व्यसनाच्या या प्रश्नाची दोन उत्तरं शेजारी शेजारी नांदतात. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या ‘परिवर्तन’ केंद्राने व्यसन हा आजार मानला: पाप नव्हे, उपचार करण्याजोगी गोष्ट. वारकरी कीर्तनकार बंडातात्या कऱ्हाडकरांचा व्यसनमुक्त युवक संघ तरुणांना माळेकडे आणि संकल्पाकडे वळवतो. सुपरमार्केटात वाइन विकू देण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध 2022 च्या फेब्रुवारीत बंडातात्या साताऱ्यात रस्त्यावर उतरले. देवाबद्दल या दोघांचं जमणं अशक्यच. पण उपचार घ्या की माळ, दोन्ही रोज सांभाळावी लागतात. एका रात्रीत निकाल लागेल असं दोघांपैकी कुणीच सांगत नाही.

गंमत अशी, की हे सावकाश घडणं दाखवायला मराठी मालिकेइतकी सवड कुणाकडेच नाही. गडकऱ्यांना पाच अंकांत सगळं उरकावं लागलं. साताऱ्याच्या मातीत चित्रित झालेली ‘लागिरं झालं जी’ 2017 पासून 2019 पर्यंत चालली. एवढ्या काळात बांधावरच्या त्या मुलाचं गावात कुणाच्या लक्षातही न येता काय काय होतं, हे सहज दाखवता आलं असतं, त्याच्या आईचंही.