चालू झाली, पण का?

दिवाळीत तुमसरला गेलो तेव्हा बाबांची २००३ सालची शंभर सीसीची मोटरसायकल मामेभावाला द्यायचं ठरलं होतं. त्याला चिखल्याच्या मँगनीज खाणीत काम लागलं होतं. रात्रपाळीही असते, आणि तो रस्ता पुढे जंगलातून जातो. गाडीला एकच खोड होती. थंड असताना अर्ध्या किकमध्ये सुरू व्हायची, वीस-पंचवीस मिनिटं छान धावायची आणि मग दम लागल्यासारखी होऊन बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. बाबांनी वर्षभर तशीच चालवली, कारण घर ते राइस मिल हा त्यांचा रस्ताच दहा मिनिटांचा.

"इंजिनिअर आहे न घरात, तो पाहून घेईल," मामी म्हणाली. मी सॉफ्टवेअरवाला आहे, हे सांगून काही उपयोग नव्हता.

हे लक्षण फसवं आहे. इंजिनाला ठिणगी लागते आणि पेट्रोल लागतं. तापल्यावर बंद पडणारी गाडी यातलं कुठलंही एक गमावत असू शकते. इग्निशन कॉइलमधली केसासारखी तार तुटायला आली असेल, तर उष्णतेने ती फाकते आणि ठिणगी जाते. थंड झाली की टोकं पुन्हा टेकतात. दुसरीकडे, टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत येते. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल उतरेनासं होतं आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होते. थांबलं की हवा हळूहळू शिरते आणि गाडी पुन्हा चालू. दोन अगदी वेगळे आजार, ताप मात्र सारखाच. ओळखायची रीत सोपी आहे: बंद पडल्या पडल्या दोन-तीन किक मारून प्लग काढायचा. ओला निघाला तर बहुतेक ठिणगीची गडबड, कोरडा निघाला तर पेट्रोलची.

मी ते केलं नाही. मोहाडीच्या अलीकडे गाडी बंद पडली, की मी झाकण उघडून पेट्रोल आहे का ते बघायचो, जरा थांबून किक मारायचो आणि ती सुरू व्हायची. झाकण उघडणं हाच कदाचित इलाज असेल, हे डोक्यातच आलं नाही. मी तपासत होतो आणि तपासता तपासता खूण पुसत होतो.

रविवारी दुपारी अंगणात सगळं पसरलं. प्लग नवा टाकला, कॉइल नवी टाकली. कार्ब्युरेटर खोलला, वाटीतला तांबूस गाळ काढला, जेट फुंकून साफ केले. झाकणाचं कुलूप अडकत होतं म्हणून तेही ब्रशने धुतलं. त्यातून कोंड्याची धूळ निघाली. गाडी वर्षानुवर्षं मिलच्या आवारात उभी राहिली की ते आलंच. संध्याकाळी मोहाडीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. एकदाही बंद पडली नाही. ऑफिसात कुणी चार बदल एकत्र घालून 'आता चालतंय' म्हणालं, तर मी त्याचा कोड परत पाठवतो.

मामेभाऊ आला. "दादा, काय झालतं तिले?"

"कॉइल गेली होती," मी म्हणालो.

रात्री हे वाक्य टोचत राहिलं. मी खोटं बोललो होतो का? कॉइल खरंच गेलेली असू शकत होती. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस विचारतो, लारिसाचा रस्ता माहीत असलेला माणूस आणि ज्याचा नुसता अंदाज बरोबर आहे असा माणूस, दोघेही लारिसाला पोचवणारच. मग ज्ञानाचं मोठेपण कशात? त्याचं म्हणणं, बरोबर अंदाज हा डेडलसने घडवलेल्या पुतळ्यांसारखा असतो, बांधून ठेवला नाही तर पळून जातो. कारण कळलं की तो बांधला जातो. कॉलेजात वाचलं तेव्हा मला हा शब्दांचा खेळ वाटला होता. पोचलो ना, मग झालं! पण लारिसाला मी जाणारच नव्हतो. जाणार होता तो, रोज, रात्री, आणि माझा अंदाज जाणकाराच्या आवाजात ऐकून.

सोमवारी सकाळी बाजारातल्या मिस्त्रीकडे गेलो. "चालू झाली न? मंग कायले डोकं लावतं?" तो म्हणाला. आधी मला हा आळस वाटला. पण धानकापणीच्या दिवसांत कारण शोधायला गाडी दोन दिवस दुकानात ठेवणं शेतकऱ्याला परवडत नाही, आणि शोधायच्या वेळेचे पैसेही त्यालाच भरावे लागतात. मिस्त्रीही अंदाजानेच सामान बदलतो. फक्त काढलेला भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि सांगतो, "अंदाजानं बदललं. पुन्हा बंद पडली तं हे नव्हतं." माझ्या तीन शब्दांपेक्षा हे मला कितीतरी प्रामाणिक वाटलं. कारण शोधलंच पाहिजे असं कर्तव्य प्रत्येक वेळी नसतं. ते सापडल्याचा आव आणू नये, एवढं मात्र असतं.

घरी येऊन जुनी कॉइल परत बसवली आणि मोहाडीला जाऊन आलो. गाडी बंद पडली नाही. म्हणजे कॉइल नव्हती. उरला कार्ब्युरेटरचा गाळ नाहीतर झाकणातला कोंडा, आणि हे दोन्ही मी रविवारीच धुऊन टाकले होते. कॉइल परत बसवता येते, कोंडा पुन्हा त्याच छिद्रात तसाच भरता येत नाही.

मामेभावाला सांगितलं, "कॉइल म्हणालो होतो, ते चुकीचं होतं. बहुतेक झाकण असेल. पण नक्की नाही."

तो गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग आज रात्री नेऊ का नको नेऊ?"

हे मला सुचलंच नव्हतं. काल माझ्या खोट्या खात्रीवर तो निवांत होता. आज मी खरं बोलून मोकळा झालो होतो आणि काळजी त्याच्याकडे गेली होती. त्याला सांगितलं, बंद पडली तर आधी झाकण उघड, फुस्स आवाज येतो का ऐक, मग किक मार. खरं कारण हवं असेल तर आधी प्लग काढायला हवा, पण अंधारात, जंगलात, तापलेला प्लग काढायला त्याला कोण सांगणार? माझं कुतूहल राहू दे.

तरी त्या रात्री मी मामाची गाडी काढली आणि चिखल्यापर्यंत त्याच्या मागे गेलो. वाटेत ती कुठेच बंद पडली नाही. प्लगचा पाना आणि टॉर्च आता त्याच्या सीटखाली असतात.