विहिरीकाठची माती

विहीर खणली की आत पोकळी दिसते. ती खणणाऱ्याने निर्माण केली का? सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी हा दाखला श्लोकवार्तिकात शब्दाच्या वादात दिला आहे. नैयायिकांचं म्हणणं असं की शब्द प्रयत्नानंतर उमटतो, म्हणजे तो उत्पन्न होतो, आणि उत्पन्न होतो म्हणून नाशही पावतो. कुमारिलांनी त्यांना अडवलं. प्रयत्नानंतर दिसलं म्हणजे प्रयत्नाने निर्माण झालं, असं होत नाही. माती उपसली की आकाश दिसतं, पण ते आधीही तिथेच होतं, मातीने झाकलेलं. शब्दही तसाच नित्य आहे. कंठ आणि टाळू हलतात ते त्याला उघडा करण्यापुरते.

हा दाखला मी बी.ए.च्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलो. मुलीच्या गिटारची खोबण वाढवायला घेतली तेव्हा त्याच्याशी भांडावंसं वाटलं, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची आहे. फेंडरने १९५४ साली आणलेल्या गिटारची स्वस्त नक्कल. तारांखाली तीन पिकअप. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती हजारो वेढे दिलेली अतिशय बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात तशीच थरथरती वीज उमटते. पण हेच वेटोळं घरातल्या विजेची पन्नास आवर्तनांची घरघरही गोळा करतं. आमच्या माडीवर ट्यूबलाइट लागली की ती घरघर स्वराच्या बरोबरीने ऐकू यायची. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने यावर तोड काढून १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला होता. त्याने दोन वेटोळी शेजारी ठेवली. दुसऱ्याच्या गुंडाळणीची दिशा उलटी आणि चुंबकाचा ध्रुवही उलटा. बाहेरची घरघर दोन्ही वेटोळ्यांत शिरते आणि त्या दोन घरघरी एकमेकींना खोडतात. तारेचा स्वर मात्र दोनदा उलटल्यामुळे पुन्हा सुलट होतो आणि बेरजेत जातो. याला हंबकर म्हणतात. दोन वेटोळ्यांना जागा दुप्पट लागते, आणि जुनी खोबण एकाच्याच मापाची असते.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात गिटारवादक एडी व्हॅन हेलनने हेच केलं होतं. त्याला स्ट्रॅटोकास्टरचा हेलकावणारा ब्रिज हवा होता आणि गिब्सनचा भरीव आवाजही. दोन्ही एकत्र असलेली गिटार त्याला बाजारात मिळेना. त्याने दोषामुळे स्वस्तात निघालेलं अ‍ॅश लाकडाचं धड घेतलं, त्यात ओबडधोबड खाच कोरली आणि गिब्सनचा हंबकर बसवला. १९७८ च्या पहिल्या अल्बमवर तीच गिटार वाजते. २०१९ साली ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मांडली होती. मुलीने मला तिचे फोटो दाखवले ते माझी परवानगी मिळवायला.

एका वेटोळ्याच्या जागेत मावणारे अरुंद हंबकरही मिळतात, लाकडाला हात लावायची गरज नसते. हे मी तिला सांगितलं. तिला त्यांचा आवाज पसंत नव्हता. तिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे, तेव्हा विषय संपला.

हत्यारं आण्णांची, माझ्या वडिलांची. ते सुतार होते. दारं-खिडक्या, देव्हारे, लग्नातले पलंग हे त्यांचं काम. त्यांच्या पेटीत रुंद पटाशी, अरुंद किकरं, गोल धारेची पटाशी, मोगरी आणि गुण्या आहे. लहानपणी मला फक्त धार लावायला मिळायची. तेलाच्या दगडावर पटाशी कोनात धरून फिरवायची, मग उलटी करून कडेची लव काढायची. कापायला त्यांनी कधी दिलं नाही. तू शिक, इतकंच म्हणायचे.

खोबणीभोवती कागदी चिकटपट्टी लावून त्यावर नवा आकार आखला. ७० बाय ३८ मिलिमीटर, वर थोडी मोकळीक. जुन्या पिकअपची लांबी जवळपास तेवढीच होती, रुंदी निम्म्याहून कमी. म्हणजे जे लाकूड जाणार ते सगळं तारांच्या दिशेने, आणि धडातले तंतूही त्याच दिशेने धावतात. पॉलिस्टरचा जाड थर आधी धारदार सुरीने रेघ ओढून कापला, नाहीतर कड तडकून ढलपी उडते. मग पटाशीचा पहिला घाव तंतूंना आडवा, रेषेच्या किंचित आत. तंतू असे तुटलेले असले की पुढचा घाव त्यांच्यापाशी येऊन थांबतो. ते न तोडता सरळ तंतूंच्या दिशेने पटाशी घातली तर चीर रेषा ओलांडून पळते. हँडड्रिलने ओळीने भोकं पाडली. बिटावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टीचा वेढा होता. त्या भोकांमधलं लाकूड किकऱ्याने थोडं थोडं काढलं. बासवूड मऊ असतं, आणि मऊ लाकडाला धार जास्त लागते, कारण बोथट पटाशी त्याला कापत नाही, चेपते. कोपरे गोल पटाशीने घेतले.

खोलीपाशी जपावं लागतं. धड सुमारे ४५ मिलिमीटर जाड. वरून पिकअपची खोबण १९ च्या आसपास, आणि पाठीमागून ब्रिजच्या स्प्रिंगांसाठी आणखी एक, १६ च्या आसपास. मध्ये राहतं ते सेंटिमीटरभर लाकूड. तळ सपाट करताना पटाशी जवळजवळ आडवी धरून हाताने ढकलायची, मोगरी बाजूला ठेवून.

बसलो होतो तिथे मांडीवर, फरशीवर, चपलेत पांढुरक्या ढलप्या पडल्या होत्या. कुमारिलांशी भांडण सुरू झालं ते त्या झाडताना. आकाशाबद्दल ते म्हणतात ते खरं असेल. मी आकाशात काही भर घातली नाही. पण त्यांच्या दाखल्यात विहिरीच्या काठावर पडलेल्या मातीबद्दल एक अक्षर नाही. माती निदान परत लोटता येते. हे लाकूड परत लाकूड होणार नाही.

इथे मला नैयायिक जवळचा वाटतो. न्यायाच्या जोडीच्या वैशेषिकांच्या जुन्या सहा पदार्थांत पुढे अभाव हा सातवा धरला गेला. नसणं हीसुद्धा जगात मोजायची गोष्ट ठरली, आणि मला हे भारतीय तत्त्वज्ञानातलं मोठं धाडस वाटतं. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार आहेत. आमच्याकडे अनेकजण तो ग्रंथ आठल्ये-बोडसांच्या १८९७ च्या मुंबई आवृत्तीवरून शिकले. त्यातला प्रागभाव म्हणजे वस्तू घडण्याआधीचं तिचं नसणं. त्याला सुरुवात नाही, पण वस्तू घडली की तो संपतो. प्रध्वंसाभाव याच्या नेमका उलटा. वस्तू नष्ट होते त्या क्षणी तो सुरू होतो आणि पुढे कधीच संपत नाही. उद्या मुलीने मन बदललं तर खोबणीत ठोकळा बसवता येईल, सरसाने चिकटवता येईल, वर रंगही देता येईल. पण तो दुसरा ठोकळा असेल. गेलेल्या लाकडाचा अभाव त्या ठोकळ्याखालीही तसाच राहील.

अभाव कळतो कशाने, यावरही वाद आहे. कुमारिलांच्या परंपरेतले भाट्ट मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणं, हे ज्ञानाचं वेगळं प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतो, ज्या इंद्रियाने वस्तू कळते त्याच इंद्रियाने तिचं नसणंही कळतं. डाग देऊन, तारा चढवून अ‍ॅम्प्लिफायर लावला तेव्हा मी नैयायिकाच्या बाजूला गेलो. घरघर नाही हे मला तर्काने ठरवावं लागलं नाही. ते कानानेच कळलं.

आण्णांच्या तेराव्याला कीर्तनकारबुवांनी घटाकाशाचा दृष्टान्त लावला होता. तो गौडपादांच्या कारिकांपासून चालत आलेला आहे. घडा फुटला की त्यातलं आकाश मोठ्या आकाशात मिळतं, खरं तर ते वेगळं कधी नव्हतंच, मग गेलं काय? बुवांचा आवाज फार चांगला होता आणि आईला त्या दिवशी त्याने आधार मिळाला. त्या आधाराबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण माझं मन तेव्हाही घड्याकडे गेलं होतं. आत्मा नित्य हे नैयायिकालाही मान्य आहे. तरी तो फुटलेल्या घड्यासाठी एक वेगळा अभाव मोजतो, त्याला आरंभ देतो आणि त्याला अंत नाही हे स्पष्ट सांगतो. दुःखात मला याचाच आधार वाटतो. गेलेल्या माणसाचं नसणं त्यात कुणी पुसून टाकत नाही.

मुलीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाबा, पण लाकूड गेलं नसतं तर पिकअप बसला कुठे असता? तुझ्या अभावानेच काम केलं ना?’’ तिने नकळत नव्य न्यायाच्या प्रतिबंधकाभावावर बोट ठेवलं होतं. विशिष्ट मणी जवळ असला तर अग्नी जाळत नाही, हा त्यांचा ठरलेला दाखला. म्हणून जळण्याच्या कारणांत अग्नीबरोबर मण्याचा अभावही मोजायचा. अडथळ्याचं नसणं हेसुद्धा कारणच. खोबणीला हे तंतोतंत लागू पडतं आणि मी ते तिला तिथल्या तिथे मान्य केलं.

मग ती पुढे गेली. आजोबा असते तर त्यांनी तुला पटाशी धरू दिली असती का, असं तिने विचारलं. नसती दिली. त्यांची पेटी त्यांच्या हयातीत कुणी उघडली नाही, आणि मी तर नाहीच. म्हणजे न्यायाच्या काट्यावर तोलून पाहिलं तर या खोबणीच्या कारणांत त्यांचं नसणंही येतं. मुलगी ते सहज बोलून जाते. मी नियम मान्य करतो, वर्गात शिकवतोही. पण ते वाक्य आण्णांचं नाव घालून उच्चारायला मी अजून तयार नाही.